उपड्या कढईसारखे डोंगर

सह्याद्रीच्या आसपास वाढलेल्या माणसाच्या मनात डोंगराचे एक ठरलेले रूप असते. खाली झाडीचा उतार, त्यावर उभा काळा कडा, मग अरुंद सपाटी, पुन्हा कडा आणि शेवटी पाटासारखा माथा. अजिंक्यतारा, लोहगड, ब्रह्मगिरी यांपैकी काहीही आठवले तरी हीच पायऱ्यापायऱ्यांची रेघ डोळ्यांसमोर येते. बंगळुरूच्या कोरमंगलासारख्या गजबजलेल्या वस्तीत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे सुटीच्या दिवशी पहाटे निघून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या नंदी, शिवगंगे किंवा सावनदुर्गाकडे जातात, तेव्हा ही रेघ कोठेच सापडत नाही. सपाट रानातून, नाचणीच्या शेतांमधून अचानक एक करडा, गुळगुळीत, जवळजवळ उघडा घुमट वर आलेला दिसतो. चुलीजवळ घासून उपडी घातलेली प्रचंड कढई असावी, तसा. त्याला पायऱ्या नसतात, बहुतेक ठिकाणी माती नसते आणि कडा कोठे सुरू होतो हेही नेमके सांगता येत नाही.

थोडे फिरल्यावर दुसरे कोडे पडते. जवळजवळ प्रत्येक घुमटाच्या पायथ्याशी एक जुने देऊळ असते, देवळाला लागून दगडी पायऱ्यांची पुष्करणी असते, थोड्या अंतरावर मातीच्या बांधाने अडवलेला तलाव असतो आणि वर पाहिले तर तटाचे अवशेष दिसतात. गंग, होयसळ, विजयनगर, केंपेगौडांचे घराणे, मराठे, म्हैसूरकर असे अनेक राज्यकर्ते या मुलखात येऊन गेले, तरी ही मांडणी फारशी बदलली नाही. या दोन्ही कोड्यांचे उत्तर एकाच दगडात दडलेले आहे. तो दगड समजल्याशिवाय या भागातली भटकंती अर्धीच राहते, कारण येथे निसर्ग पाहण्याची जागा आणि इतिहास पाहण्याची जागा वेगवेगळ्या नाहीत.

खडीसाखर आणि पिठीसाखर

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणाचा आहे त्याला बेसॉल्ट म्हणतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा, म्हणजे वितळलेला खडक, पुन्हापुन्हा बाहेर पडला, पसरला आणि थिजला. एकावर एक घावने रचावीत तशी त्याच्या थरांची चवड झाली. काही थर कठीण होते आणि काही ठिसूळ. ठिसूळ थर आधी झिजले, कठीण थर कड्यांच्या रूपाने उभे राहिले आणि त्यातून सह्याद्रीच्या पायऱ्या तयार झाल्या.

बंगळुरूभोवतीचा ग्रॅनाइटही वितळलेल्या खडकापासूनच झाला, पण तो जमिनीवर कधी आला नाही. पृष्ठभागाखाली काही किलोमीटर खोल तो अडकून पडला आणि वर खडकांचे जाड पांघरूण असल्यामुळे अतिशय सावकाश निवत गेला. या सावकाशीचा परिणाम स्वयंपाकघरात पाहता येतो. साखरेचा दाट पाक न हलवता कित्येक दिवस ठेवला की त्यात दोऱ्याभोवती खडीसाखरेचे मोठे खडे जमतात. तोच पाक घोटून भराभर थंड केला तर साखर बारीक पडते. लाव्हा उघड्यावर झटकन थिजला म्हणून बेसॉल्टचे कण डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत, आणि ग्रॅनाइट हळूहळू थिजला म्हणून त्यातले स्फटिक बोटाने दाखवता येतात. गुलाबी किंवा पांढुरका दिसतो तो फेल्डस्पार, काचेसारखा करडा दिसतो तो क्वार्ट्ज, म्हणजे गारगोटीचेच द्रव्य, आणि काळे चमकणारे कण अभ्रकाचे असतात. सावनदुर्ग आणि रामनगर परिसरातील डोंगर ज्या ग्रॅनाइटचे आहेत तो सुमारे ४०० किलोमीटर लांबीच्या एका उत्तर-दक्षिण पट्ट्याचा भाग असून त्याचे वय सुमारे २५० कोटी वर्षे आहे. भूवैज्ञानिक त्याला ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’ म्हणतात, कारण इंग्रजी अमदानीत रामनगरचे नाव क्लोजपेट होते.

याहून जुना दगड पाहायला शहराबाहेर जावेच लागत नाही. कोरमंगलापासून काही किलोमीटरवर असलेल्या लालबाग उद्यानातील उघडा कातळ सुमारे ३०० कोटी वर्षांचा असून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. हा खडक नाईस या जातीचा आहे. प्रचंड उष्णता आणि दाब यांखाली जुना खडक मळला जाऊन त्यात फिकट-गडद पट्टे उमटले की त्याला नाईस म्हणतात. कातळावर वाकून पाहिल्यास मळलेल्या कणकेतल्या घड्यांसारखे हे पट्टे स्पष्ट दिसतात. तरीही या कातळावर चढणारे बहुतेक जण पायांखाली पाहत नाहीत, वरची केंपेगौडांची बुरुजी पाहून परततात, याचे वाईट वाटते.

घुमट कसा घडतो

काही किलोमीटर खोल असलेला ग्रॅनाइट उघड्यावर कसा आला, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. वरचे पांघरूण कोट्यवधी वर्षांत पावसाने आणि नद्यांनी वाहून नेले. परंतु ओझे उतरले की खाली दाबला गेलेला खडक तसाच राहत नाही. माणूस उठल्यावर कापसाची गादी हळूहळू फुगते, तसा तो अगदी थोडा, पण वरच्या दिशेने फुगतो. गादी लवचीक असल्याने फाटत नाही. ग्रॅनाइटला मात्र भेगा पडतात आणि त्या पृष्ठभागाला समांतर असतात. कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे दगडाचे जाड पापुद्रे एकामागून एक सुटतात आणि घसरून जातात. प्रत्येक पापुद्रा गेल्यावर खालचा डोंगर आधीपेक्षा अधिक गोल दिसतो. सावनदुर्गाच्या उतारावर असे अर्धवट सुटलेले, कडेला हातभर उंचीची पायरी उरलेले पापुद्रे जागोजाग आढळतात.

पण मग सगळा मुलूखच घुमटांनी का भरला नाही? खडक थिजताना आणि पुढे भूकवचाच्या हालचालींत त्यात उभ्या भेगाही पडतात. कोठे त्या दाट असतात आणि कोठे विरळ. दाट भेगांत पाणी मुरते, फेल्डस्पारची माती होते, क्वार्ट्जची वाळू सुटते आणि मूळ खडकाचा भुसभुशीत मुरूम होतो. हा मुरूम वाहून गेला की तेथे दरी किंवा सखल रान तयार होते. भेगा विरळ असतील तेथे पाण्याला शिरायला वाटच मिळत नाही आणि अखंड गोळा मागे उरतो. म्हणजे डोंगर वर उचलला गेला असे घडले नाही. भोवतालची जमीन खाली गेली आणि तो जागेवर राहिला.

एकमेकांवर तोललेल्या शिळाही याच प्रक्रियेतून होतात. चौकोनी तुकड्याच्या कोपऱ्यावर तीन बाजूंनी पाणी काम करते, कडेवर दोन बाजूंनी आणि सपाट अंगावर एकाच बाजूने, म्हणून तोंडात ठेवलेल्या खडीसाखरेसारखे कोपरे आधी विरघळतात. रामनगरच्या शिळा ‘शोले’ (१९७५) या चित्रपटामुळे देशभर ओळखीच्या झाल्या. तेथील रामदेवरबेट्टाच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात, आणि त्यांच्यासाठी २०१२ साली गिधाड अभयारण्य जाहीर झाले. पापुद्रा तुटून कड्यावर जी अरुंद पडवी उरते, ती या पक्ष्यांना सुरक्षित वाटते.

रिओ द जानेरोचा शुगरलोफ आणि अमेरिकेतील योसेमिटी खोऱ्याचे घुमट हे याच गोतावळ्यातले. दक्षिण फ्रान्सच्या ग्रामीण भागात सिदोब्र नावाचे पठार आहे, तेथे जंगलात तोललेल्या ग्रॅनाइटच्या शिळा पाहायला लोक मुद्दाम जातात आणि रामनगर पाहिलेल्याला ते दृश्य परके वाटणार नाही. त्याच देशात ओव्हर्न्य प्रांत ज्वालामुखीचा, त्यामुळे तेथील क्लेरमाँ-फेराँचे कॅथेड्रल काळ्या दगडाचे आहे. गावाचा चेहरा त्याच्या पायाखालचा खडक ठरवतो, हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे.

डोंगराची वळचण

उघड्या ग्रॅनाइटात पाणी मुरत नाही. एक हेक्टर उघड्या कातळावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर १ लाख लिटर पाणी होते, आणि त्यातले बहुतेक सगळे पत्र्याच्या छपरावरून वळचणीला यावे तसे पायथ्याशी उतरते. बंगळुरूचा वार्षिक पाऊस सुमारे ९०० ते १,००० मिलिमीटर आहे, पण घुमटाच्या वळचणीच्या जमिनीला प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट पाणी मिळते. म्हणून माथा उघडा आणि पायथा हिरवा अशी स्थिती असते. वस्ती, देऊळ आणि पुष्करणी यांची जागा कातळानेच नेमून दिलेली असते, ती अशी.

थोडे पाणी मात्र भेगांत आणि शिळांखालच्या मुरुमात अडकते आणि अगदी सावकाश बाहेर येते. कोलारजवळच्या अंतरगंगे डोंगरात काशी विश्वेश्वराच्या देवळाशी दगडी नंदीच्या मुखातून पाण्याची धार पडते. भोवती कोरडे रान असताना पाणी कोठून येते याचे भाविकांना नवल वाटते आणि ते साहजिक आहे, कारण महिन्यापूर्वीचा पाऊस आज येथे पोचत असतो हे डोळ्यांना दिसत नाही. शिवगंगेवर ओळकल तीर्थ नावाची जागा आहे. ‘ओरळकल्लु’ म्हणजे उखळ. उखळासारख्या त्या अंधाऱ्या भोकात हात घातला की पाणी लागते. याच क्षेत्री होयसळ राजा विष्णुवर्धनाची राणी शांतला हिने इ.स. ११३१ मध्ये देह ठेवला, असे शिलालेख सांगतो. माथ्यावरच्या खोलगट जागांत जी डबकी साचतात त्यांना कन्नडमध्ये ‘दोणे’ म्हणतात, आणि सह्याद्रीतील किल्ल्यांवर खोदलेली टाकी जे काम करतात, त्यातला मोठा भाग येथे हे दोणे निसर्गतःच करत आले.

बारमाही नदी नसलेल्या या पठारावर वाहून जाणारे पाणी अडवण्यासाठी लोकांनी तलावांच्या माळा बांधल्या. तलावाला ‘केरे’ म्हणतात, त्याच्या मातीच्या बांधाला ‘एरी’, जादा पाणी जाण्याच्या दगडी सांडव्याला ‘कोडी’ आणि एका तलावाची कोडी पुढच्या तलावाला जोडणाऱ्या मोठ्या नाल्याला ‘राजकालुवे’. आजही बऱ्याच तलावांत पाण्यात उभे असलेले दोन उंच दगडी खांब दिसतात, त्यांना आडव्या फळ्या असतात आणि प्रत्येक फळीच्या मध्यभागी एक गोल भोक असते. हा ‘तूबु’, म्हणजे पाणी सोडण्याची यंत्रणा. भोकांतून एक लाकडी सोट खाली जातो आणि त्याच्या टोकाचा गट्टू तळाच्या भोकात बुचासारखा बसतो. सोट वर ओढला की बांधाखालच्या दगडी मोरीतून पाणी शेताकडे निघते. कोणत्या शेताला किती वेळ पाणी द्यायचे हे ठरवणारा गावचा माणूस तो ‘नीरगंटी’. खानदेशातल्या पाटकऱ्याला त्याचे काम सांगावे लागणार नाही.

पाचर, आग आणि देऊळ

ग्रॅनाइट छिन्नीला सहज दाद देत नाही, पण त्याच्या स्वभावातच एक सोय आहे. पृष्ठभागाला समांतर फुटायची त्याची तयारी असते, आणि दगडफोड्यांनी ती फार पूर्वी ओळखली. एका रेषेत वीतभर अंतरावर भोके पाडायची, त्यांत पाचरी बसवायच्या आणि सगळ्यांवर आळीपाळीने सारखे घाव घालत जायचे, म्हणजे ताण एकाच रेषेत साठून दगड सरळ चिरतो. दुसरी रीत आगीची. कातळावर लाकडांचा जाळ पेटवून तो हळूहळू पुढे सरकवत नेला की वरचा थर तापून फुगतो, खालच्या थंड थरापासून सुटतो आणि वीतभर जाडीचा विस्तीर्ण पापुद्रा मोकळा होतो. निसर्ग जे लाखो वर्षांत करतो ते काही तासांत करून घेण्याची ही युक्ती होती. अशा फरशांना ‘चप्पडी’ म्हणतात. बंगळुरूभोवतीच्या खेड्यांत चप्पडीचे छप्पर, चप्पडीची गोठ्याची भिंत आणि शेताच्या कडेला उभ्या चप्पड्यांचे कुंपण अजून पाहायला मिळते. महाराष्ट्रात वडार आणि कर्नाटकात वड्डर किंवा भोवी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाजाने दगडाचे हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जपले. देवळांच्या माहितीफलकांवर राजांची नावे असतात, यांची क्वचितच असतात.

नंदी डोंगराच्या पायथ्याचे भोगनंदीश्वर मंदिर या कलेचा उत्तम नमुना आहे. नवव्या शतकाच्या आरंभीच्या लेखांत त्याचे उल्लेख सापडतात आणि पुढे चोळ, होयसळ व विजयनगर काळात त्यात भर पडत गेली. बाहेरच्या ग्रॅनाइटी भिंती साध्या, भारदस्त आहेत. आतील कल्याणमंडपाचे खांब मात्र बारीक पोताच्या काळसर दगडाचे असून त्यांवर वेली, पक्षी आणि आकृत्या दागिन्यासारख्या कोरल्या आहेत. हा फरक कारागिरांच्या कौशल्याचा नाही. खडीसाखरेच्या खड्यावर नाजूक नक्षी उठत नाही, कारण छिन्नीच्या धारेएवढाच मोठा स्फटिक निघून येतो. बेलूर-हळेबीडूची अतिसूक्ष्म कोरणी शक्य झाली ती तेथील दगड मऊ असल्यामुळे. वेरूळच्या कैलासाला बारीक कणांचा बेसॉल्ट लाभला.

नंदीला जाणाऱ्यांपैकी बरेच जण पहाटेचे धुके पाहायला थेट १,४७८ मीटर उंचीच्या माथ्यावर जातात. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिला लागलेली हवा थंड व जड होऊन सखल भागात उतरते आणि तिच्यातील बाष्पाचे धुके बनते. ताटात वाटी उपडी ठेवून भोवती दूध ओतावे तसा डोंगर त्या धुक्याच्या वर राहतो. हे दृश्य सुंदर असते, यात शंका नाही. पण ऊन चढल्यावर तेच प्रवासी पायथ्याचे मंदिर न पाहता परततात, तेव्हा त्यांच्या हातून अधिक मोलाची गोष्ट निसटते.

तट कोठे नाही

ग्रॅनाइटच्या किल्ल्यावर तट पाहताना तो कोठे नाही हे आधी पाहावे. गुळगुळीत उतार हाच मुख्य तट असल्यामुळे बांधकाम केवळ घळींत आणि चढण सोपी असेल तेथेच दिसते. सावनदुर्गाचे करीगुड्ड व बिळीगुड्ड, म्हणजे काळी टेकडी व पांढरी टेकडी, असे दोन भाग आहेत आणि मधली घळ हा त्याचा दुबळा दुवा. १७९१ च्या डिसेंबरात कॉर्नवॉलिसच्या फौजेने तोफांनी तटाला खिंडार पाडून हल्ला केला आणि अभेद्य मानला गेलेला हा किल्ला २१ तारखेला पडला.

या मुलखाशी मराठ्यांचे नाते १६३८ पासूनचे आहे. विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर आलेल्या शहाजीराजांना बंगळुरूची जहागीर मिळाली आणि केंपेगौडांच्या घराण्याला मागडी-सावनदुर्गाच्या आश्रयाला जावे लागले. सपाट बंगळुरू राखणे अवघड आणि घुमट राखणे सोपे, हे त्यामागचे उघड कारण दिसते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६६९ साली मल्लेश्वराच्या देवस्थानाला गाव दान दिल्याचा लेख बंगळुरूतच काडू मल्लेश्वर मंदिरापाशी खडकावर कोरलेला आहे. पुढे १७७० मध्ये थोरल्या माधवरावांच्या स्वारीत शिवगंगेच्या परिसरातील निजगल किल्ल्याने पेशव्यांच्या फौजेला बरेच दिवस झुंजवले. बुरुज आणि कडे यांच्याशी परिचित असलेल्या फौजेची येथे पाय ठेवायला खाच नसलेल्या दगडाशी गाठ पडली होती.

चौकट : पाहायला जाताना

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसात सावनदुर्गासारख्या उतारांवर चढू नये. कातळावरचे काळे पट्टे म्हणजे पाणी झिरपते तेथे वाढणारी सूक्ष्म शेवाळे असतात, आणि ओली झाली की ती साबणासारखी निसरडी होतात. उन्हात कातळ लवकर तापतो, म्हणून चढाई सकाळीच आटोपावी. देवळाजवळच्या खडकात अर्धवट सोडलेल्या पाचरींच्या भोकांची ओळ शोधावी. ती सापडली की खाण आणि देऊळ यांतले अंतर समजते. एका दिवसाला एकच डोंगर ठेवावा. आधी तलाव, मग देऊळ, मग चढण असा क्रम घेतला तर पाण्याचा मार्ग उलट दिशेने चालून जाता येतो.

कोरमंगलाचे पाणी

या सगळ्यापासून कोरमंगला दूर आहे असे वाटते. पण तिचे नाव बंगळुरूच्या एका प्रमुख जलखोऱ्याला दिलेले आहे, ते म्हणजे कोरमंगला-चल्लघट्टा खोरे. मडिवाळ तलावाची कोडी अगराकडे, अगराची बेळ्ळंदूरकडे, बेळ्ळंदूरची वर्तूरकडे आणि तेथून पाणी दक्षिण पिनाकिनी नदीला, अशी ही माळ होती. दक्षिणेला काही किलोमीटरवर बेगूर हे गाव आहे. तेथील नागेश्वर मंदिराच्या आवारात सापडलेल्या नवव्या शतकाच्या अखेरच्या वीरगळावर ‘बेंगळूरु’ येथील लढाईचा उल्लेख आहे, आणि शहराच्या नावाच्या सर्वांत जुन्या नोंदींत तो गणला जातो. म्हणजे केंपेगौडांच्या कितीतरी आधी या खोऱ्यात गावे, शेते आणि त्यांच्यासाठी लढून मरणारी माणसे होती. कोरमंगला तलावाच्या जागेवर मात्र १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने इमारती उभ्या राहिल्या. पावसाळ्यात या भागातील सखल रस्त्यांवर पाणी तुंबते, कारण पाणी अजून जुन्याच उतारावरून चालते.

२०१८ पासून या खोऱ्यातील सांडपाणी शुद्ध करून कोलार जिल्ह्यातील कोरड्या तलावांत उपसून सोडले जाते. शुद्धीकरण पुरेसे होते का, यावर शेतकऱ्यांनी आणि अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, आणि त्या गंभीरपणे घ्यायला हव्यात. तरी कित्येक वर्षांनी भरलेले तलाव पाहून विहिरींना पाणी आल्याचे समाधान मानणारे शेतकरीही तेथे आहेत. अंतरगंगेच्या वाटेवर कोलारच्या बाजूला एखाद्या एरीवर थांबून तूबुचे दोन दगडी खांब पाहणाऱ्या कोरमंगलातील कुटुंबाला, त्या खांबांना लागलेल्या पाण्यात आपल्याच घरच्या मोरीतून गेलेले पाणी असू शकते, हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.